साभार पोच की रोख पोच?

पत्राचा गोषवारा

सोलापूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त आरोग्यसेविकेचं पत्र आलं आहे. उपकेंद्रांत काढलेल्या तीस वर्षांतून त्यांच्याकडे बारा कथा जमल्या. दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित वर्षभर पडून राहिलं, तेव्हा निवृत्तीच्या पैशांतून यंदाच्या गुढीपाडव्याला त्यांनी संग्रह स्वतःच काढला. १७६ पानं, किंमत २५० रुपये, ५०० प्रती. अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंत खर्च ६२,००० रुपये. सात महिन्यांत १३० प्रती विकल्या गेल्या, ६० भेट दिल्या, ३१० घरात आहेत. वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. आता त्यांच्यासमोर तीन प्रस्ताव आहेत. एका साहित्यविषयक संकेतस्थळाचं १२,००० रुपयांचं पॅकेज: दीर्घ परीक्षण, समाजमाध्यमांवर पाच पोस्ट, ॲमेझॉनवर पंचवीस पंचतारांकित अभिप्राय आणि वर एक सन्मानपत्र. जिल्ह्यातले एक ज्येष्ठ समीक्षक ५,००० रुपये मानधन घेऊन परीक्षण लिहायला आणि ते पुरवणीत ‘लावून द्यायला’ तयार आहेत. आणि न्यू जर्सीतली भाची म्हणते, इंग्रजी अनुवाद करून घे, इकडे ४५० डॉलरमध्ये नामांकित संस्थेचं परीक्षण मिळतं. त्या विचारतात, “सगळेच पैसे देतात असं ऐकते. मग मी दिले तर काय बिघडलं? आणि नाही दिले तर या ३१० प्रतींचं करू काय?”

उत्तर

सप्रेम नमस्कार.

खरा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, ३१० प्रतींचा. त्याच्याकडे येतेच. पण आधी ‘सगळेच पैसे देतात’ हे वाक्य जरा उलगडून पाहू, कारण त्यात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबल्या गेल्या आहेत.

स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक पैसे देतोच. मुद्रितशोधकाला देतो, मुखपृष्ठ करणाऱ्याला देतो, समारंभाच्या सभागृहाला आणि पाहुण्यांच्या प्रवासखर्चाला देतो. यात लपवण्यासारखं काही नाही. परीक्षकालाही मानधन मिळतं, आणि मिळायलाच हवं. पण ते नियतकालिक देतं. पुस्तक संपादक निवडतो, परीक्षक संपादक निवडतो, आणि परीक्षकाने पुस्तक झोडपलं तरी त्याचं मानधन तेवढंच राहतं. वाचक परीक्षणावर थोडाफार भरवसा ठेवतो तो या व्यवस्थेमुळे. पाकीट लेखकाच्या हातून गेलं की मजकूर तोच राहिला तरी त्यामागची मोकळीक गेली.

कोणत्याही खर्चाला लावता येईल अशी एक साधी कसोटी आहे. ‘हे पैसे मी दिले’ असं पुस्तकाच्या श्रेयनामावलीत छापता येईल का? ‘मुद्रितशोधन: अमुक’ असं छापता येतं. ‘परीक्षण: तमुक, मानधन लेखिकेकडून’ असं छापायला तुमचा हात धजावेल का? नाही धजावला, तर उत्तर तिथेच मिळालं.

आता तिन्ही प्रस्ताव. ते सारखे नाहीत, म्हणून उत्तरही एक नाही.

१२,००० रुपयांच्या पॅकेजचा हिशेब आधी वहीत मांडा. तुमची एक प्रत ६२,००० भागिले ५००, म्हणजे १२४ रुपयांना पडली. वितरकाला ४५ टक्के कमिशन धरलं (मराठीत ४० ते ५० टक्के मागतातच), तर २५० रुपयांच्या प्रतीमागे तुमच्या हाती १३७ रुपये ५० पैसे येतात. प्रतीमागे शिल्लक साडेतेरा रुपये. त्या शिलकीतून १२,००० भरून काढायचे तर ८८९ प्रती जादा विकल्या पाहिजेत, आणि तुम्ही छापल्याच आहेत ५००. कुणी म्हणेल, छपाईचा खर्च होऊन गेला, तो आता कशाला धरायचा? बरोबर आहे, तो सोडून द्या. तरी वितरकामार्फत ८८ प्रती, किंवा २० टक्के सवलत देऊन आणि टपालखर्च घेणाऱ्याकडून घेऊन थेट विकल्या तर ६० प्रती, निव्वळ त्या परीक्षणामुळे खपल्या पाहिजेत. म्हणजे पॅकेज घेतलं नसतं तर ज्या खपल्या नसत्या, अशा ६०. सात महिन्यांत तुमच्या सगळ्या ओळखीपाळखीतून १३० गेल्या, हे लक्षात घेता हा आकडा लहान नाही.

विकणाऱ्याला म्हणूनच एक प्रश्न विचारा: “मागच्या पाच पुस्तकांची परीक्षणं आली, त्या लेखकांचे नंबर द्या, किती प्रती गेल्या ते मी त्यांनाच विचारते.” बहुतेक संभाषणं इथे संपतात. नाही संपलं, तर त्या संकेतस्थळावरची शेवटची वीस परीक्षणं वाचा. त्यांत एकही नापसंतीचं नाही? पुस्तकातलं एकही अवतरण पान क्रमांकासह नाही? मलपृष्ठावरचाच मजकूर थोडा फिरवून लिहिलाय? खाली ‘प्रायोजित’ असं कुठे लिहिलंय का? आणि लेखकाच्या नातेवाइकांशिवाय कुणी प्रतिक्रिया दिलीय का? अशा ठिकाणचे वाचक म्हणजे बहुतेक तिथेच पैसे भरलेले इतर लेखक असतात. ते तुमच्या पोस्टवर अंगठा उमटवतील, पुस्तक घेणार नाहीत.

त्या पॅकेजमधले पंचवीस पंचतारांकित अभिप्राय मात्र नुसते निरुपयोगी नाहीत, अंगाशी येणारे आहेत. पैसे किंवा मोबदला देऊन ग्राहकाचा अभिप्राय मिळवायला ॲमेझॉनची मनाई आहे. घरच्यांनी आणि जवळच्यांनी लिहिलेलेही ते काढून टाकतात. पुस्तकाची प्रत भेट देऊन मत विचारायला हरकत नाही, अट एवढीच की ‘लिहाच’ किंवा ‘चांगलंच लिहा’ असा आग्रह नको. आता तुमचं उदाहरण घ्या. समजा तिथे तुमच्या आठ-दहा प्रती विकल्या गेल्या, आणि चार दिवसांत पंचवीस जणांनी पाच तारे दिले. यंत्राला सोडाच, माणसालाही ते दिसतं. त्या पंचवीस खात्यांवर टिचकी मारली की कळतं, याच लोकांनी काल मोबाइलच्या कव्हरला आणि परवा केसांच्या तेलाला ‘अप्रतिम’ म्हटलंय. अभिप्राय उडतात, कधी विक्रेत्याचं खातंही अडकतं, आणि तुमच्या एखाद्या खऱ्या वाचकाने मनापासून लिहिलेल्या चार ओळीही त्याच संशयात वाहून जातात.

हा धंदा नवा नाही. अमेरिकेत एक जण ९९ डॉलरला एक, ४९९ ला वीस आणि ९९९ ला पन्नास अशा दरपत्रकाने पुस्तकांचे अभिप्राय विकत होता. २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापलं, आणि स्वतःची पुस्तकं स्वतः काढून गाजलेल्या एका लेखकाने त्याच्याकडून तीनशे अभिप्राय घेतल्याचंही त्यात होतं. २०१५ मध्ये ॲमेझॉनने खोटे अभिप्राय विकणाऱ्या हजारहून अधिक अनामिकांवर खटला भरला. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे अभिप्राय टाकायचे नाहीत. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते अभिप्राय छापणाऱ्या संकेतस्थळांसाठी आहे आणि ऐच्छिक म्हणून आलं, पण विकत घेतलेले अभिप्राय नकोत हे त्यात आहेच. तुमच्या दारी पोलीस येणार नाहीत. तरी ज्या प्रकाराला सगळीकडून आवळत आणताहेत, त्यात निवृत्तीचे पैसे कशाला घालायचे?

सन्मानपत्राबद्दल लिहायलाही जागा वाया घालवत नाही. लॅमिनेशनसह दोनशे रुपयांत होतं.

ज्येष्ठ समीक्षकांचं प्रकरण नाजूक आहे. ते कदाचित खरंच चांगलं वाचणारे असतील, आणि वाचायला-लिहायला त्यांचे पाच-सहा दिवस जाणार हेही खरं. त्या श्रमांचे ५,००० जास्त नाहीत. अडचण ‘लावून द्यायला’ या दोन शब्दांत आहे. पुरवणीच्या संपादकाला हे पैसे माहीत असणार नाहीत. म्हणजे तुम्ही परीक्षण घेत नाही, परीक्षणाचा वेश घातलेली जाहिरात घेता, आणि तीही संपादकाला अंधारात ठेवून. पुढे कळलं तर त्या पुरवणीचं दार तुम्हा दोघांनाही बंद होईल. जिल्ह्याच्या साहित्यवर्तुळात अशा गोष्टी कळायला फार वेळ लागत नाही, चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत कळतात. शिवाय परीक्षण छापायचं की नाही हे संपादक ठरवणार. नाही छापलं तर पैसे परत मागणार आहात का?

त्यांना दुखवू नका, आणि त्यांच्या श्रमांचे पैसेही बुडवू नका. तेच पैसे उजेडात देता येतील असे दोन मार्ग आहेत. एक, पुस्तकावर चर्चेचा कार्यक्रम ठेवा आणि त्यांना वक्ता म्हणून रीतसर मानधन द्या. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा आहे, तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक वाचनालय असतंच. वक्त्याला मानधन आणि प्रवासखर्च देणं ही आपली उघड रीत आहे. त्यांना अट घालू नका, उलट ‘दोन कथा फसल्यात असं वाटलं तर तेही बोला’ असं आधीच सांगा. टीकेसह झालेल्या चर्चेची बातमी होते, नुसत्या कौतुकाची होत नाही. कार्यक्रमाच्या जागी वीस टक्के सवलतीचं टेबल लावा, सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही ठेवा. दुसरा मार्ग पुढच्या पुस्तकाचा आहे. त्याचं हस्तलिखित त्यांना मोबदला देऊन वाचायला द्या. त्याबद्दल खाली लिहिते.

तिसरा प्रस्ताव न्यू जर्सीचा. भाची म्हणते ते खोटं नाही. ‘कर्कस’ ही १९३३ मध्ये सुरू झालेली, पुस्तकांची परीक्षणं छापणारी अमेरिकन संस्था आहे. तिचा नेहमीचा विभाग प्रकाशकांकडून आलेली पुस्तकं फुकट तपासतो, आणि स्वप्रकाशित लेखकांसाठी तिने वेगळा सशुल्क विभाग काढला आहे. शुल्क साधारण ४५० डॉलरच्या घरात. त्यात अडीचशे-तीनशे शब्द मिळतात आणि त्याला काही आठवडे लागतात. चांगलं म्हणतीलच अशी हमी नसते, आणि मत प्रतिकूल आलं तर ते प्रसिद्ध न करण्याची सोय लेखकाला असते. तशा आणखीही संस्था आहेत, दर याच्या आगेमागे. ‘पब्लिशर्स वीकली’ हे तिथलं ग्रंथव्यवसायाचं साप्ताहिकही स्वप्रकाशित पुस्तकं विचारासाठी घेतं. निवड झाली तरच परीक्षण, ही गोष्ट वेगळी.

हे व्यवहार फसवणुकीचे नाहीत, कारण पैसे कशाचे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. तरी उपयोग कुणाला? अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे खरेदी करणारे ग्रंथपाल आणि पुस्तकविक्रेते ही परीक्षणं वाचतात. ज्यांचं पुस्तक इंग्रजीत आहे, तिथल्या वितरकाकडे आहे आणि अजून बाजारात आलेलं नाही, त्यांना यातून मलपृष्ठासाठी एखादं वाक्य आणि ग्रंथालयांच्या यादीत जागा मिळू शकते. वेळेचं महत्त्व इथेच आहे: तिथली मोठी नियतकालिकं प्रकाशनाच्या तीन-चार महिने आधी पुस्तक मागतात. तुमचं पुस्तक मराठीत आहे आणि पाडव्याला निघालंय. आधी पावणेदोनशे पानांचा साहित्यिक अनुवाद, मग तो तपासणारा इंग्रजी संपादक, मग परीक्षण. आजच्या दराने नुसतं शेवटचं कलम चाळीस हजारांच्या आसपास जातं, म्हणजे तुमच्या सगळ्या पुस्तकाच्या खर्चाच्या दोन तृतीयांश. आणि बार्शीच्या वाचनालयातला कुणीही ते वाचून पुस्तक मागणार नाही. भाचीला सांगा, एखादी कथा अनुवाद करून घेऊन इंग्रजी नियतकालिकाकडे पाठवू. तिथे उत्तर सहसा उशिरा येतं, पण पैसे लागत नाहीत.

मग पैसे देऊन मत घेणं नेहमीच चूक का? नाही. पैसे देऊन मत घ्यावं, पण छापण्याआधी घ्यावं. छापून झाल्यावर कुणी म्हणालं की सातवी कथा तिसऱ्या पानावर संपली होती, पुढची चार पानं लेखिका भाषण करतेय, तर तुम्ही काय करणार? ५०० प्रती फाडणार? हेच वाक्य हस्तलिखितावर पेन्सिलने आलं असतं तर कथा वाचली असती, शिवाय चार पानांचा कागदही. पुढच्या संग्रहाला समीक्षकासाठी राखलेले पैसे संपादकाला द्या. करताना एवढं पाहा: आधी नमुन्यादाखल दहा पानं त्यांच्याकडून करून घ्या, त्याचे पैसे द्या, आणि पाहा की ते फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारताहेत की ‘हे पात्र इथे का आलं’ असंही विचारताहेत. पहिलं काम मुद्रितशोधकाचं, दुसरं संपादकाचं. दोन्ही लागतात, पण एकाच्या पैशांत दुसरं मिळालं असं समजू नका. मुदत, मोबदला आणि किती फेऱ्या, हे एका कागदावर लिहून घ्या. तुमच्या कथांत औषधं, प्रसूती, लसीकरण येतं. त्या तपशिलासाठी मात्र दुसरं कुणी नको, तुम्ही स्वतःच जाणकार आहात.

आता ३१० प्रती.

तुमच्या पत्रात एक गृहीत दडलंय: पुस्तक खपत नाही कारण परीक्षण नाही. असेलही. पण त्याआधी एक चाचणी करा. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला सांगा, काहीही न विचारता माझं पुस्तक मागवून दाखव. त्याला शीर्षक टाकून पुस्तक सापडतं का? पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मागवण्यासाठीचा फोन नंबर आहे का, आणि तो चालू आहे का? मुखपृष्ठाचा फोटो मोबाइलवर अंगठ्याएवढा झाला की शीर्षक वाचता येतं का? परीक्षण उद्या छापून आलं आणि वाचकाला पुस्तक कुठे मिळतं तेच कळलं नाही, तर काय उपयोग? बरीचशी स्वप्रकाशित पुस्तकं इथेच अडकतात, मग ती कितीही चांगली असोत.

परीक्षणासाठी प्रती कधी आणि कशा पाठवल्या होत्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नेहमी होणाऱ्या चुका सांगते. पाकिटावर नुसतं ‘मा. संपादक’ लिहिलं की ते पुस्तक टपाल विभागातून बाहेरच पडत नाही. पुरवणीचं किंवा सदराचं नाव लिहा. आत ‘सप्रेम भेट’ लिहून सही केली की ते पुस्तक घरी नेण्यासाठी झालं. त्याऐवजी ‘अभिप्रायार्थ’ लिहा. बहुतेक ठिकाणी दोन प्रती मागतात, एक परीक्षकाला आणि एक कार्यालयाला. एकच पाठवली तर फार तर ‘साभार पोच’च्या, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नुसती नावं देणाऱ्या यादीत नाव येतं. ती यादीही क्षुल्लक समजू नका, ग्रंथपाल ती पाहतात. आणि दिवाळीच्या आगेमागे काही पाठवू नका. त्या काळात पुरवण्यांची जागा दिवाळी अंक खातात.

पुस्तकाबरोबर एकच पान जोडा. त्यावर शीर्षक, प्रकार, पानं, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), प्रकाशनाचा दिनांक, मिळण्याचं ठिकाण. मग शंभर शब्दांत आशय. ‘मनाला भिडणाऱ्या कथा’ असं काही नको, ‘उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेच्या नजरेतून दिसणाऱ्या बारा कथा, एकीत पुराच्या रात्रीचं बाळंतपण आहे, एकीत नसबंदीच्या उद्दिष्टांचा मार्चअखेर’ अशा धर्तीवर, तुमच्या कथांत जे असेल ते. शेवटी तुमच्याबद्दल दोन ओळी. मुखपृष्ठाचा स्वच्छ फोटो आणि एका कथेची पीडीएफ ईमेलने वेगळी पाठवा. सहा आठवड्यांनी एकदा फोन करा. एकदाच.

कुणाला पाठवायचं? पंचवीस ठिकाणी नको, आठ-दहा ठिकाणी पाठवा. ‘ललित’ हे मासिक १९६४ पासून पुस्तकांसाठीच निघतं. ‘साधना’ साप्ताहिकाला सामाजिक अनुभवाचं लेखन जवळचं आहे. महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ आहे. मोठ्या दैनिकांच्या रविवार पुरवण्यांपैकी दोन निवडा, आणि सोलापूर आवृत्त्यांना विसरू नका. तिथे जागा मिळण्याची शक्यता मुंबई-पुण्यापेक्षा जास्त. आणखी एक दिवस हाताशी ठेवा: १२ मे, जागतिक परिचारिका दिन. त्या आठवड्यात संपादकाला तुमच्यासारख्या लेखिकेचा मजकूर हवाच असतो. एप्रिलच्या मध्याला त्यांना लिहा, आणि परीक्षण मागू नका, स्वतःचा ८०० शब्दांचा लेख द्या, खाली पुस्तकाचं नाव येतंच. पुष्कळदा परीक्षणापेक्षा अशा लेखाने जास्त फोन येतात.

आता खऱ्या ग्राहकाकडे येऊ. कथासंग्रहाचा मराठीतला मोठा खरेदीदार म्हणजे ग्रंथालय. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, आणि अनुदानातून पुस्तकं घेताना ती शासनमान्य ग्रंथांच्या यादीकडे पाहतात. ही यादी ग्रंथालय संचालनालय दरवर्षी करतं, आधीच्या कॅलेंडर वर्षात प्रसिद्ध झालेली पुस्तकं मागवून. तुमचं पुस्तक यंदाचं आहे, म्हणजे मुदत अजून यायची आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात एक चक्कर मारा, अर्ज आणि अटी तिथे कळतील. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाची तारीखही तिथेच विचारा.

तीच गोष्ट राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांची. यशवंतराव चव्हाण यांच्या नावाच्या या पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे, आणि त्यात लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा पुरस्कार आहे. लेखकाचं पहिलंच पुस्तक असेल तरच त्यात बसतं, म्हणजे ही संधी आयुष्यात एकदाच. प्रवेशिका वर्ष संपल्यावर मागवतात, आणि मुंबईबाहेरच्यांना त्या जिल्हाधिकारी कार्यालयातही देता येतात. पुस्तकावर ‘पहिली आवृत्ती’ आणि प्रकाशनाचा दिनांक छापलेला आहे ना, ते आज पाहून ठेवा. तो नसल्यामुळे चांगली पुस्तकं बाद होतात. याउलट पाचशे-हजार रुपये ‘प्रवेश शुल्क’ घेणारे राज्यस्तरीय पुरस्कार कुरियरने रोज येतील. त्यांना वर सांगितलेली कसोटी लावा.

एक तांत्रिक गोष्टही राहायला नको. प्रकाशक म्हणून तुमचं नाव छापलं असेल तर १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवणं तुमच्याकडे लागतं. मुदत टळली असली तरी पाठवून द्या. आणि पुढच्या वेळी कुणी पॅकेजमध्ये आयएसबीएनचे पैसे लावले तर देऊ नका, भारतात तो विनाशुल्क मिळतो.

ग्रंथालयांइतकाच मोठा, पण तुमच्या पत्रात कुठेच न आलेला वाचक म्हणजे तुमच्याच पेशातल्या बाया. साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे शासनाचंच प्रमाण आहे. त्या हिशेबाने एकट्या सोलापूर जिल्ह्यात शेकडो आरोग्यसेविका, त्यांच्या जोडीला आशा स्वयंसेविका, शिवाय परिचर्या महाविद्यालयांची ग्रंथालयं. त्यांनी रविवारची पुरवणी वाचली नसेल, पण मार्चअखेरचं टार्गेट म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. तालुका बैठकीच्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दहा मिनिटं एक कथा वाचा. सारांश सांगू नका, कथा वाचा, आणि शेवटच्या दोन परिच्छेदांआधी थांबा.

या वाचकांकडून अभिप्राय घ्यायचा तर ‘कसं वाटलं?’ विचारू नका. ‘छान’ एवढंच उत्तर येतं. विचारा, “कुठे वाचायचं थांबलात?” आणि “कुणाला वाचायला द्याल?” पहिल्यातून पुढच्या पुस्तकाचं संपादन होतं, दुसऱ्यातून पुढचा ग्राहक मिळतो. ज्यांनी चार ओळी लिहून पाठवल्या, त्यांना विचारून त्या ओळी नाव-गावासह व्हॉट्सॲपवर टाका. ‘आशाताई, माढा तालुका’ असं खाली लिहिलेल्या दोन साध्या वाक्यांवर वाचक त्या पंचवीस ताऱ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

प्रतींची वाटणी अशी करता येईल: परीक्षणासाठी दहा ठिकाणी वीस, पुरस्कार, ग्रंथनिवड आणि कायद्याच्या मिळून दहा, चर्चेच्या दिवशी चाळीस, ग्रंथोत्सवाला चाळीस, उरलेल्या दोनशे आरोग्य खात्यातल्या वाचकांसाठी आणि ग्रंथालयांसाठी. भेट देणं आता बंद. साठ झाल्या, पुरे. खर्च टपाल, सभागृह आणि वक्त्याचं मानधन धरून १२,००० च्या आतच बसेल, आणि त्याची प्रत्येक पावती तुम्ही कुणालाही दाखवू शकाल.

राहिले समीक्षक. त्यांना ‘नाही’ कसं कळवायचं या विचाराने तुमचं पाऊल अडखळत असेल, तर एवढं पाठवा: “सर, आपण वाचायची तयारी दाखवलीत याचा आनंद झाला. परीक्षणाचे पैसे मी दिले तर उद्या आपल्या शब्दाला कुणी बोल लावेल, ते मला नको. जानेवारीत वाचनालयात पुस्तकावर चर्चा ठेवते आहे. आपण वक्ते म्हणून यावं, मानधन आणि प्रवासखर्च वाचनालयाच्या कार्यक्रमातूनच रीतसर देईन. जे खटकलं ते आधी बोला.”